‘फोड’ लिहिलेलं पाकीट

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम आयसीयूच्या दारातून बाहेर आल्या आणि मला हातानेच बाजूला बोलावलं. तेवढ्या मुक्कामात मला एक गोष्ट कळली होती. बरी बातमी त्या सगळ्यांसमोर सांगत. बाजूला बोलावत ते दुसऱ्या बातमीसाठी.

त्यांच्या हातात ब्लड कल्चरचा रिपोर्ट होता. ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यात काही वाढतं का ते पाहणं. माझे पती देवानंद यांच्या रक्तात वाढलं होतं.

“एमआरएसए है,” त्या म्हणाल्या. “दो दिन से जो इंजेक्शन दे रहे थे, वो इस पर काम ही नहीं करता. आज से बदल रहे हैं.”

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस ऑरियस. स्टॅफिलोकोकस हे द्राक्षांच्या घडासारखे एकत्र राहणारे गोल जीवाणू. पुष्कळ लोकांच्या नाकात आणि कातडीवर ते काही त्रास न देता असतात. मेथिसिलिन रेझिस्टंट म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातली बहुतेक औषधं त्यांना मारू शकत नाहीत. रक्तात शिरले तर ते हाडात, फुप्फुसात, हृदयात कुठेही जाऊन बसतात.

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं मी या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या गावी उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलं. रिपोर्टवर औषधांची यादी होती आणि बहुतेक नावांपुढे आर होतं, रेझिस्टंटचं. मी ती यादी वरून खाली वाचली. त्यातली तीन नावं माझ्या ओळखीची होती. ती आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात होती.

त्या डब्याबद्दल आधी सांगते.

देवानंद कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली, उंचावर, माणूस जेमतेम बसेल अशा केबिनमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. आम्ही सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहत होतो. आमच्यासारख्या कायम नोकरीतल्या घरांना कारखान्याच्या मेडिकल बुकवर फुकट औषधं मिळायची. डॉक्टर सात दिवसांची गोळी लिहीत. चौथ्या दिवशी बरं वाटे आणि उरलेल्या गोळ्या घरात राहत. फेकायला जीव होत नसे. सगळ्यांच्याच घरी अशा अर्ध्या स्ट्रिप असत आणि त्या इकडून तिकडे फिरत. ज्यांचे यजमान ठेकेदाराकडे कामाला, त्यांच्याकडे मेडिकल बुक नसे. त्यांना त्या स्ट्रिपचा आधार वाटे.

मी ते काम नीटनेटकं केलं. शाळेतून उरलेली लहान पाकिटं आणली आणि त्यांवर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: घसा, दात, लघवी, फोड. ज्या पाकिटात जे बसेल ते भरलं. शेजारपाजारच्या, विहारातल्या बायका येत. मॅडम जंतूंचं शिकवते, तिला माहीत असणार, असा विश्वास होता. रेल्वे लाइनीपलीकडच्या वनमालाबाई तर दारातूनच विचारत, “मॅडम, घसा हाय का घसा?”

देवानंद आतून ओरडत, “घसा संपला, वनमालाबाई! दात हाय, फोड हाय. घेता का?”

“तुमचंच डोकं द्या थोडं. आमच्या घरच्या माणसाले कामी येईन.”

असं हसत हसत ते चाले. मी कोणाची हानी करते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. वर्गात मात्र मी दर वर्षी सांगायची की औषधाचा कोर्स पूर्ण करावा.

निवृत्तीनंतरही देवानंदांनी कारखान्याचे सेफ्टी शूज सोडले नाहीत. पुढे लोखंडी टोपी असलेले ते जड बूट घालून ते क्वार्टरामागच्या वाफ्यात पालक लावत. त्यांना मधुमेह होता आणि पायाला जाणीव कमी झाली होती. उजव्या अंगठ्याला बूट लागून फोड आला तो त्यांना दुखलाच नाही. मोज्याला पू दिसला तेव्हा कळलं.

मी फोडाच्या पाकिटातल्या गोळ्या चार दिवस दिल्या आणि रोज मलमपट्टी केली. जखम सुकली. महिन्याने पुन्हा वाहू लागली. पुन्हा चार दिवस, या वेळी दाताच्या पाकिटातल्या, कारण त्या जास्त जोरकस वाटल्या. पुन्हा सुकली. तिसऱ्यांदा तसंच. तीन महिने असे गेले. मग एका दुपारी त्यांना एवढी थंडी वाजून आली की खाट हलू लागली.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही एका खासगी हॉस्पिटलात गेलो. कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडम आल्या. सोबत एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर. सिस्टर मला पाहून थांबल्याच. “मॅडम, आपने मुझे पढ़ाया है. बारहवीं में. मैं हेमलता.”

मला चेहरा आठवला. पहिल्या बाकावर बसणारी, आकृत्या सुंदर काढणारी मुलगी.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, जखम कधीची? मी म्हणाले, आठेक दिवसांची. त्यांनी विचारलं, “इसके पहले कोई एंटीबायोटिक दी है? घर पे?”

हेमलता पेन घेऊन उभी होती. देवानंद स्ट्रेचरवर पडून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, “नहीं. कोई नहीं.”

हेमलताने ते लिहून घेतलं. त्या उत्तरावर विसंबून साधं इंजेक्शन सुरू झालं. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस त्या इंजेक्शनवर गेले.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. हा जंतू स्पर्शातून पसरतो, म्हणून आयसोलेशन. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. आत एक खाट, दोन पंप, एक मॉनिटर. खिडकी होती, पण तिच्या पलीकडे एसीचे डबे आणि भिंत. सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं, एकाच माणसाने आत जायचं. गाऊन, मास्क आणि हातमोजे घालून जायचं, निघताना ते दाराशीच पिवळ्या पिशवीत टाकायचे आणि हात धुवायचे.

बाकीचा सगळा वेळ मी बाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर असे. तिथून काचेतून त्यांचं डोकं आणि सलाइनचा हात दिसे. उठून कुठे गेलं तर डॉक्टर येऊन जातील अशी धास्ती. बसून राहिलं तर करण्यासारखं काहीच नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते, ही धास्ती सगळ्यांना असते. जेवायला जा. डॉक्टर फोन करतात.

पहिल्या संध्याकाळी आत गेले तेव्हा देवानंद म्हणाले, “क्रेनच्या केबिनवानी हाय ही खोली. फक्त खाली काई दिसत नाही.”

“पायजे का काही?”

“खाली उतरायचं हाय. शिफ्ट संपली का नाही?”

नवं औषध व्हॅन्कोमायसिन होतं. ते शिरेतून हळूहळू द्यावं लागतं आणि त्याचं प्रमाण मूत्रपिंडाकडे बघून ठरवतात, म्हणून रोज क्रिएटिनिन तपासत. क्रिएटिनिनचा आकडा चढला तर मूत्रपिंड थकलं असं समजायचं. मी वहीत आकडे लिहून ठेवू लागले. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे.

चौथ्या दिवशी माझी मुलगी प्रज्ञा हैदराबादहून आली. तिने पर्स खुर्चीवर टाकली आणि काचेला कपाळ लावून उभी राहिली. बापाने आतून हात वर केला आणि तर्जनी गोल फिरवली. क्रेनवाल्यांचा इशारा आहे तो: माल वर उचल. ती लहान असताना ते तिला असंच खुणावून खांद्यावर घ्यायचे. प्रज्ञा बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

या खुर्चीवर बसून मी एक धडा मनात पुन्हा पुन्हा शिकवला. तो इथे लिहिते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

बॅक्टेरिओफाज हा जीवाणूंना लागण करणारा विषाणू. फळ्यावर मी तो रंगीत खडूने काढायची: वर डोकं, खाली शेपटी. तो जीवाणूच्या अंगावर उतरतो, शेपटी टेकवतो आणि डोक्यात गुंडाळलेला डीएनए आत सोडतो. डीएनए म्हणजे त्याच्या गुणांचा सगळा मजकूर. कवच बाहेरच राहतं. आत गेलेला मजकूर जीवाणूलाच कामाला लावतो. माझ्या प्रती काढ, माझी नवी कवचं बनव. प्रती कवचांत भरल्या जातात, जीवाणू फुटतो, नवे विषाणू बाहेर पडतात. काही जातींचे विषाणू लगेच एवढं करत नाहीत. ते जीवाणूच्या डीएनएला स्वतःला जोडून पिढ्यान्पिढ्या गप्प राहतात.

पण कवचं भरताना कधी कधी चूक होते. विषाणूच्या डीएनएऐवजी फुटणाऱ्या जीवाणूच्याच डीएनएचा एक तुकडा कवचात जातो. बाहेरून कवच तसंच दिसतं. ते दुसऱ्या जीवाणूवर उतरतं, शेपटी टेकवतं आणि आत सोडतं ते मेलेल्या जीवाणूकडचं काहीतरी. तो तुकडा औषधाला दाद न देण्याचा असला, तर नव्या जीवाणूला तो गुण आयता मिळतो. याला ट्रान्सडक्शन म्हणतात. स्टॅफिलोकोकसमध्ये असे गुण बरेचदा याच वाटेने फिरतात.

हे शिकवल्यावर एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला होता, “मतलब मॅडम, डिस्पॅच की गलती.” त्याचे वडील कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये, माल पाठवण्याच्या खात्यात होते. सगळा वर्ग हसला, मीही हसले. पुढे दर वर्षी मी तेच उदाहरण दिलं.

आणखी एक गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. काही औषधांचा अर्धवट मारा बसला की जीवाणूत गप्प बसलेला विषाणू जागा होऊ शकतो आणि हे भरणं, फिरणं वाढू शकतं. हे वाचलं तेव्हा डबा आमच्या कपाटातच होता. वाचलेलं आणि कपाटातलं यांची मी कधी गाठ घातली नाही.

पाचव्या दिवशी प्रज्ञाने मोबाइल माझ्यासमोर धरला. “मम्मी, हे बघ. फाज थेरपी. जिथं अँटिबायोटिक काम करत नाही तिथं हे वायरस देतात. अपने यहाँ क्यों नहीं हो सकता?”

मी तिच्यापेक्षा जास्त वेळ ते वाचत राहिले. दुपारी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या माझ्याजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्या आठवड्यात त्या पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. त्या हिंदीत बोलल्या, मी मराठीत लिहिते.

“हे खरं आहे, काही ठिकाणी करून पाहतात. पण तुमच्या पेशंटच्या जंतूला नेमका मारणारा विषाणू शोधावा लागतो. एकाला चालणारा दुसऱ्याला चालत नाही. तो गप्प बसणारा नसावा, आणि जंतूंचे गुण इकडून तिकडे नेणारा नसावा, हे तपासावं लागतं. मग शुद्ध करायचा, मग परवानगी. मी एका ओळखीच्या प्रयोगशाळेला फोन करते. पण त्याला आठवडे लागतील. आपल्याकडे आठवडे आहेत असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

त्यांनी खरोखर फोन केला. नमुना पाठवलाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या संध्याकाळी आत गेले तर देवानंद जागे होते.

“अवो मॅडम, डब्ब्याचं सांगतलं का तू त्याईले?”

“नाही.”

“कावून?”

“आता कळलंच ना कोणता जंतू हाय थे. आता सांगून काय फरक पडते?”

“फरक पडते का नाही, थे त्याईले ठरवू दे ना. तू कावून पेपर तपासून राहिली?”

मी त्यांची चादर सारखी केली. ते थोडं हसले. “तुही शिकवलेली पोरगी हाय थे हेमलता. लाजून राहिली तू तिले. मले मालूम हाय.” मग दमले आणि डोळे मिटले. पंधरा मिनिटं संपली होती. मी गाऊन उतरवला, हात धुतले आणि खुर्चीवर येऊन बसले. डॉक्टर समोरून दोनदा गेल्या. मी उठले नाही.

सहाव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि ऑक्सिजनचा मास्क आला. बोलणं बंद झालं. सकाळी मी काचेपाशी उभी होते. त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. सलाइनचा हात त्यांनी गादीवरून थोडा उचलला, तर्जनी खाली केली आणि लहानसा गोल फिरवला. एकदा. थांबून पुन्हा.

क्रेनखाली उभा असलेला माणूस वरच्याला हा इशारा करतो. माल खाली उतरव. चौतीस वर्षं त्यांनी तो इशारा वरून पाहिला होता. आज ते खालून करत होते.

मी डॉक्टर मॅडमना नर्सिंग स्टेशनवर गाठलं. तिथे हेमलताही होती आणि प्रज्ञाही माझ्यामागे आली होती. मी सगळं सांगितलं. डबा, पाकिटं, तीन महिने, तीन वेळा, चार चार दिवस, कोणत्या गोळ्या. जखम आठ दिवसांची नव्हती हेही.

डॉक्टरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. कागद पुढे ओढून लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, “तीन महीने पुरानी है तो हड्डी देखनी पड़ेगी. आज ही एमआरआय. और दिल का इको, अंदर वाला.”

मी विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तो मैं पहले दिन से वैन्कोमाइसिन देती. उससे कितना फ़र्क पड़ता, मैं नहीं जानती. आप भी नहीं जान पाएँगी. मैं झूठ नहीं बोलूँगी.”

प्रज्ञा मराठी विसरली. “मम्मी, तू बायोलॉजी पढ़ाती थी ना? पढ़ाती थी ना तू?” तिने ते दोनदा विचारलं आणि जिन्याने खाली निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

हेमलताने जुन्या केसपेपरवरची ओळ खोडली नाही. खाली नवी ओळ लिहिली, वेळ टाकली, सही केली. मग मला पाण्याची बाटली आणून दिली. “मॅडम, पी लीजिए.” एवढंच.

एमआरआयमध्ये अंगठ्याच्या हाडापर्यंत संसर्ग दिसला. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, म्हणजे हाडाची आतून होणारी सडण. आतला इको म्हणजे अन्ननलिकेतून नळी घालून हृदय मागच्या बाजूने पाहणं. त्यात एका झडपेवर व्हेजिटेशन सापडलं. जंतू आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा झडपेला चिकटलेला लोंबता पुंजका. तो उडेल आणि कुठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. हे सांगणारे हृदयाचे डॉक्टर वयाने मोठे होते. ते म्हणाले, ऑपरेशन हाच उपाय, पण या मूत्रपिंडावर आणि या तापात पेशंट टेबलवरून परत येणार नाही. आधी तो थोडा सावरला पाहिजे.

अंगठा मात्र सर्जननी नुसता पाय बधिर करून काढला. औषध बदललं. तेराव्या दिवशी ताप नव्हता. मी वहीत तो आकडा लिहून त्याखाली रेघ मारली. त्या संध्याकाळी मास्क काढून दहा मिनिटं त्यांना बोलू दिलं. त्यांनी विचारलं, पालकाला कोणी पाणी घालतं का. मी हो म्हणाले. खरं तर कोणी घालत नव्हतं.

पंधराव्या दिवशी दुपारी, मी खुर्चीवर जेवणाचा डबा उघडून पोळी खात असताना, खोलीतला मॉनिटर वाजू लागला. माणसं आत धावली. कोणीतरी काचेवरचा पडदा ओढला. पुंजक्याचा तुकडा मेंदूत गेला होता. चार वाजता डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. या वेळी त्यांनी मला बाजूला बोलावलं नाही. खुर्चीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

प्रयोगशाळेचं उत्तर देवानंद गेल्यानंतर आलं. त्यांच्याकडच्या विषाणूंपैकी दोन त्या जंतूवर चालत होते. डॉक्टर मॅडमनी मला ते फोन करून सांगितलं. सांगू नये असं त्यांना वाटलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण त्यांनी सांगितलं, आणि मला ते बरं वाटलं.

मी रोज जखम धुवत होते म्हणून त्यांनी माझ्याही नाकाचा स्वॅब घ्यायला सांगितला. पॉझिटिव्ह आला. मी कॅरियर होते. कॅरियर म्हणजे ज्याला काही होत नाही पण जो जंतू वागवत फिरतो. देवानंदांकडून माझ्याकडे आला की माझ्याकडून त्यांच्याकडे गेला, हे कळायला मार्ग नाही. नाकात दिवसातून दोनदा मलम, पाच दिवस. मी ते पाचही दिवस पूर्ण लावलं. अंगाला काही झालं नव्हतं, तरी त्या दिवसांत घरातल्या दोन खोल्यांतून मी बाहेर पडले नाही. दार वाजलं की आतूनच बोलले.

पुण्यानुमोदनाला विहारातली सगळी माणसं आली. वंदना झाली. लोक उठून देवानंदांबद्दल बोलले. वनमालाबाई म्हणाल्या, “मॅडमनं लइ सेवा केली. डॉक्टरच्या आधी मॅडमच डॉक्टर होती त्यायची.” सगळ्यांनी माना हलवल्या. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मला उठून बोलायचं होतं. मी हात जोडले आणि बसून राहिले.

गोळ्यांचा डबा मी हेमलताकडे दिला. हॉस्पिटलात कालबाह्य औषधं नष्ट करतात, तिथे तिने तो दिला. कोणी मागायला आलं की मी सांगे, संपलं. का संपलं ते सांगत नसे. असे तीन महिने गेले. खोलीतून बाहेर आले होते, पण त्या पहिल्या दिवशीच्या ‘नहीं’मधून बाहेर आले नव्हते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या कपाटात असा डबा असेल, तर त्याने मला शहाणी समजू नये. मी शिकलेली होते आणि तरी हे केलं. एवढंच करा. डॉक्टर विचारतील, याआधी काय घेतलं? तेव्हा जे घेतलं ते सगळं सांगा. समोर कोणीही उभं असो.

मागच्या महिन्यात वनमालाबाई आल्या. त्यांच्या यजमानांचा हात पत्र्याने कापला होता आणि सुजून लाल झाला होता. “मॅडम, फोड हाय का थोडा? होता थो संपला.”

मी चप्पल घातली. म्हटलं, “चला, मी येते संगं.”

नेहरू नगरातल्या एका डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी हात पाहिला आणि विचारलं, “पहले कुछ दवा ली है?”

यजमान बायकोकडे बघू लागले. वनमालाबाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. कडा मळलेल्या. वर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं: फोड. ते वर्षभरापूर्वी माझ्याच हाताने त्यांच्या घरी गेलं होतं. आत रिकामी स्ट्रिप होती.

डॉक्टरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. “ये किसने दी?”

वनमालाबाईंनी पदर सारखा केला आणि फरशीकडे पाहिलं. त्या माझं नाव घेणार नव्हत्या. त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नसतं. तेवढी माया मला मिळाली, आणि ती घेऊन मी घरी जाऊ शकले असते.

“मैंने दी,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली.

“चार गोलियाँ. सात दिन की चाहिए थी. मुझे मालूम था.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग औषध लिहिण्याआधी त्यांनी पूचा नमुना घ्यायला सांगितलं.